ताप येईल

एप्रिलचा शेवट. तांडापेठेत कूलर सुरू झालेत,
खसाचा ओला वास गल्लीभर.
माझ्या खांद्याला निळा डबा, आत बर्फाच्या चार पिशव्या,
आणि यादीत एक नाव तीनदा गोल केलेलं :
लावण्या हेडाऊ, वय चार महिने,
दुसरा डोस नाही.

किरणनं दार अर्धंच उघडलं.
"नाही देत आम्ही आता," म्हणाली,
आणि मोबाइल माझ्या कानाला लावला.

एका पुरुषाचा आवाज. भरदार. शांत.
आपण मोठे डॉक्टर आहोत म्हणत होता,
नाव मात्र सांगत नव्हता.
सुई घेतलेली पोरं म्हणे पुढं वाढतच नाहीत.
अकरा ग्रुपांना पाठवा म्हणे, पुण्य लागेल.

मी वीस वर्षं सुया टोचते.
उत्तरं माझ्या जिभेवर तयार असतात,
रांगेत उभी, बाह्या वर करून.
त्या दिवशी घसा कोरडा होता,
आधी पाणी मागितलं.

पाणी पिता पिता विचारलं, "हे पाठवलं कोणी?"
"नणंदेनं. कामठीहून."
नणंदेला फोन. तिला शिवणक्लासातल्या बाईनं.
त्या बाईला दिरानं. दिराला आठवेना,
"आलं होतं, म्हणून टाकलं समोर."
चार घरं फिरून आम्ही एका भिंतीशी पोचलो,
तिला दारच नव्हतं.
"म्हणजे कोणीच नाही?" किरण म्हणाली.
मला वाटलं, जिंकलो.

तिनं पोरीचं झबलं वर केलं,
डावी मांडी दाखवली.
"इथं गाठ आली होती, सिस्टर. बोराएवढी.
रातभर ताप. पोट्टी रडून रडून लाल.
हे नाइट ड्यूटीले, एमआयडीसीत. मी एकटी.
दुसऱ्या दिवशी हा आवाज आला.
ह्यानं सांगतलं, पहिले गाठ येते, मंग ताप येते.
तुम्ही काऊन नाही सांगतलं?"

कूलरची मोटर घरघरत राहिली.
मला तो बुधवार आठवला : समाजभवन,
त्रेचाळीस लेकरं, एकच पंखा,
कार्डावर शिक्का, पुढची, चला, पुढची.
ताप येईल. दोन शब्द.
किती वेळ लागला असता?
मी जी जागा रिकामी सोडली
तिथं तो येऊन बसला मांडी घालून.

"चुकलं माझं," म्हटलं.
ड्यूटीवर हे वाक्य बहुधा पहिल्यांदाच.

घटसर्प मी एकदाच पाहिलाय,
मेयोच्या वॉर्डात, शिकत होते तेव्हा.
तो नाही सांगितला.
घाबरवायचं काम आधीच कोणी करून गेलं होतं.
सांगितलं ते फक्त राहून गेलेलं :
ताप एक-दोन दिवसांत उतरतो.
गाठ चोळायची नाही, शेकायची नाही, आपली आपण विरते.
सिरप किती, ते वजन पाहून कार्डामागे लिहिलं,
आणि कधी वाट न पाहता दवाखाना गाठायचा, तेही.
अंग नवीन काम शिकतं, म्हटलं,
नव्या मागावर धागे तुटतात तसं.

खाटेवरचा सासरा हसला.
त्याचा माग विकून सात वर्षं झालेली.
"धागा तुटनारच, बाई," म्हणाला,
"जोडाले कोणी बसलं पाह्यजे पण बाजूले."

"यायले विचारते," किरण म्हणाली. दार लागलं.

पुढच्या बुधवारी ती आली नाही.
त्याच्या पुढच्या बुधवारी आली,
मी डबा बंद करता करता,
पोरीला ओल्या ओढणीत धरून.
मी दोन शब्द म्हटले. मग सुई.

रात्री अकराला मीच फोन लावला.
"आला का?"
"आला. शंभरावर एक."
मागे कूलर, पोरीची किरकिर.
"भेव वाटते?"
जरा वेळ ती काही बोलली नाही.
"वाटते," म्हणाली.
"पण वळखीचा आहे."